स्विमिंग लीग: चौथ्या नंबरालाही पाच गुण

तलावपाळीकर

नमस्कार मंडळी. इथे क्रिकेटचे धागे हजारी गाठतात, कबड्डीचे शंभरी. पोहण्याचा धागा ऑलिंपिक आलं की चार दिवस वर येतो आणि पुन्हा तळाला जातो. तळाला का होईना, एक असू दे म्हणून हा काढतोय.

विषय इंटरनॅशनल स्विमिंग लीग (आयएसएल), आणि तिच्यातला एनर्जी स्टँडर्ड हा क्लब. २०१९, २०२०, २०२१ असे तीन हंगाम झाले, २०२२चा रद्द झाला, नंतर लीग काही उभी राहिली नाही. मग आता का उकरून काढायचं? तर ठाणे-नवी मुंबईतल्या दोन-तीन क्लबांची मिळून एक छोटी टीम स्पर्धा घ्यावी अशी आमची खटपट चालू आहे, आणि नियमांची चर्चा सुरू झाली की गाडी दर वेळी याच लीगपाशी येऊन थांबते.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी: एका मॅचला चार टीम. प्रत्येक शर्यतीत प्रत्येक टीमचे दोन, की आठ लेन भरल्या. हीट नाही, सेमी नाही, थेट फायनल. पहिल्याला ९ गुण, मग ७, ६, ५, ४, ३, २, १. रिलेला दुप्पट. पुरुषांचे आणि महिलांचे गुण एकाच खात्यात. तलाव पंचवीस मीटरचा, त्यामुळे टर्न भरपूर, आणि टर्ननंतर पंधरा मीटरपर्यंत पाण्याखालून डॉल्फिन किक. डोळ्याला एकदम वेगवान वाटतं.

पहिल्या हंगामाची फायनल डिसेंबर २०१९मध्ये लास वेगासला झाली. मँडले बेच्या इव्हेंट सेंटरमध्ये चक्क तात्पुरता तलाव बसवला होता. दोन दिवसांनी गुणफलक: एनर्जी स्टँडर्ड ४५३.५, लंडन रोअर ४४४, कॅली कॉन्डॉर्स ४१५.५, एलए करंट ३१८. पहिल्या दोघांत साडेनऊचा फरक. गणित करून बघा: एनर्जीचा पहिला आणि लंडनचा दुसरा यांची अदलाबदल झाली की फरक चारने हलतो. अशा तीन अदलाबदली, की कप लंडनला. सगळ्या हंगामाचा निकाल एवढ्याशा अंतरावर.

मला एवढंच म्हणायचंय की इथे चौथ्या, पाचव्या, सहाव्या नंबराला किंमत आली. बाकी चर्चा होऊ द्या.

फुलटॉस

आयएसएल म्हणजे मला वाटलं फुटबॉलचा धागा आहे. नेरूळच्या डी. वाय. पाटीलवर मुंबई सिटीच्या मॅचना जायचो त्याच्या आठवणी लिहायला बसलो होतो, परत खोडल्या. असो, वाचतोय. अर्धा गुण कुठून आला पण?

तलावपाळीकर

@फुलटॉस, बरोबरीमुळे. शंभराव्या भागापर्यंत वेळ सारखी आली की दोन जागांचे गुण एकत्र करून निम्मेनिम्मे. दुसरा-तिसरा बरोबरीत आले तर ७ अधिक ६, म्हणजे साडेसहा-साडेसहा.

सेक्टर_नऊ

वाशीहून. मी स्वतः पोहत नाही, मुलगी पोहते, त्यामुळे माझं ज्ञान गॅलरीतलं आहे. :)

मला प्रश्न पडलाय तो क्लबचा. एनर्जी स्टँडर्ड कुठला क्लब? कागदावर पॅरिस. ट्रेनिंग तुर्कस्तानात, अंतल्याजवळ. मालक युक्रेनचा. पोहणारे स्वीडनची सारा स्योस्ट्रॉम, दक्षिण आफ्रिकेचा चॅड ल क्लो, फ्रान्सचा फ्लोराँ मानोडू. फायनलला जपानचा दाइया सेतो आला आणि ४०० मीटर मेडलीत (चारही स्ट्रोक एकाच शर्यतीत) विश्वविक्रम करून गेला. सगळे थोर, मान्यच. पण यात पॅरिसच्या माणसाने 'आपली टीम' म्हणायचं कशाला? आमच्याकडे वाशी विरुद्ध ठाणे असलं की गॅलरीतल्या आया आधी गोड बोलतात आणि पाचव्या शर्यतीला घसा बसतो. ते भांडण पैशाने विकत आणता येतं का?

घोडबंदर_ट्रॅफिक

ताई, आयपीएलमध्ये तरी मुंबईचे कितीसे असतात? तरी लोक निळे टीशर्ट घालून लोकलने वानखेडेला जातातच ना. फॅन व्हायला गाव लागत नाही, सवय लागते. दर वर्षी त्याच महिन्यात, त्याच रंगात, त्याच मैदानावर. तीन-चार वर्षं गेली की नातं जमतं.

या लीगला ती चार वर्षंच मिळाली नाहीत. २०१९ला निदान गावोगाव फिरले: इंडियानापोलिस, नेपल्स, डॅलसजवळ लुइसव्हिल, बुडापेस्ट, मेरीलँडमधलं कॉलेज पार्क, लंडन. २०२०ला कोविड, त्यामुळे सगळा हंगाम बुडापेस्टच्या ड्यूना अरेनात, बबलमध्ये, रिकाम्या खुर्च्यांसमोर. २०२१ला नेपल्स आणि आइंडहोवन. टोरांटो टायटन्स आणि टोकियो फ्रॉग किंग्ज २०२०ला आले खरे, पण घरचा तलाव म्हणून टोरांटोत किंवा टोकियोत एकही मॅच नाही. प्रो कबड्डीचाही एक हंगाम असा बंगळुरात बंद दाराआड झाला, पण त्याआधी यू मुंबाला वरळीत ओरडणारे लोक तयार झाले होते.

ओहोटी

मला या प्रकाराचं कौतुक कधीच वाटलं नाही, स्पष्ट लिहितो.

पोहणं हा एकट्याचा खेळ आहे. पाण्यात तोंड घातलं की ना टीम दिसते ना प्रेक्षक. आम्ही धरमतर ते गेटवे वाले. सुमारे ३६ किलोमीटर, भरती-ओहोटीचं गणित बसवून, अंगाला ग्रीस चोपडून, शेजारी होडी आणि होडीत निरीक्षक. तिथे तुमचा पाचवा नंबर वगैरे काही नसतं. पोचलात किंवा नाही पोचलात.

आणि या लीगची सगळ्यात लांब शर्यत किती? ४०० मीटर! ८०० नाही, १५०० नाही. टीव्हीला कंटाळा येतो म्हणून डिस्टन्सवाल्यांना सरळ घरी बसवलं. युक्रेनचा रोमानचुक एनर्जीमध्ये होता, १५००चा माणूस. त्याला तिथे ४०० पोहायला लावायचं म्हणजे भीमसेनांना जिंगल गायला बसवण्यासारखं आहे.

स्टॉपवॉच

@ओहोटी काका, आदर ठेवून असहमत. समुद्रातसुद्धा होडीतला माणूस नसेल तर तुम्ही गेटवेला लागत नाही. ती टीमच.

मी ठाण्यात जिल्हा पातळीवर टाइमकीपर म्हणून उभा राहतो. एका लेनला तीन घड्याळं असतात. दोन जुळली तर ती वेळ, तिन्ही वेगळी आली तर मधली. पोरगं भिंतीला हात लावतं, गॉगल कपाळावर सरकवतं आणि वर बघून पहिला प्रश्न विचारतं, "काका, किती?" नंबर नाही विचारत. त्याला माहीत असतं की नंबर लेन चारवाल्याचा आहे. त्याला स्वतःची वेळ हवी असते. वेळ सांगितली की चेहरा फुलतो किंवा पडतो, आणि एकटंच टॉवेल उचलून निघून जातं. पाठीवर हात ठेवायला कुणी नसतं, कारण सर पुढच्या हीटच्या गडबडीत.

रिलेला मात्र तेच पोरगं बघा. तिसऱ्या लेगला ब्लॉकवर उभं, बोटं कडेला घट्ट, येणाऱ्याच्या हाताकडे टक लावून. समोरच्याचा हात भिंतीला लागेपर्यंत पाय सुटायचे नाहीत, आणि अंग तर आधीच पुढे झेपावलेलं. मागून बाकीचे दोघं ओरडतायत, "थांब... थांब... जा!" पाय आधी सुटला तर अख्खी टीम बाद. ती जबाबदारी बारा वर्षांच्या पोराच्या तोंडावर लख्ख दिसते. मी वैयक्तिक शर्यतीत नापास होऊन खेळ सोडणारी पुष्कळ पाहिली, पण रिलेच्या टीममधला पोरगा सहसा टिकतो.

लीगमध्ये मला तेच आवडलं. सगळी मॅचच रिलेसारखी.

सेक्टर_नऊ

@स्टॉपवॉच, तिसरा परिच्छेद वाचून गप्प झाले. आमच्याकडे अगदी हेच झालं. नववीपर्यंत उत्साहाने, दहावीला "मम्मी, माझा नंबर कधी येणारच नाही ना?" आणि बॅग माळ्यावर. त्यात आम्ही जात होतो तो तलाव दुरुस्तीच्या नावाखाली बंद झाला तो झालाच. दर वेळी विचारलं की "पुढच्या महिन्यात". फी मात्र आगाऊ घेतलेली.

आता परत जाते आठवड्यातून दोनदा, आपली मजा म्हणून. स्पर्धा नको म्हणते.

कोपरखैरणे_लोकल

धाग्यात स्किन्सचा उल्लेख नाही? अरे, तीच तर खरी मजा!

पन्नास मीटर, आठ जण. पहिले चार राहिले, बाकी बाहेर. तीन मिनिटांनी परत पन्नास, चारातले दोन राहिले. परत तीन मिनिटांनी दोघांतच फायनल. पन्नास फ्री (फ्रीस्टाइल) एकदा जीव तोडून पोहलं की हातापायात गोळे येतात, तीन मिनिटांत काय सावरणार? शेवटच्या फेरीत जगातले सगळ्यात वेगवान दोघे ब्लॉकवर धापा टाकत वाकलेले असतात. पुन्हा २०२०पासून नियम असा की मेडली रिले जिंकणारी टीम स्किन्सचा स्ट्रोक निवडणार. म्हणजे समोरच्याकडे ब्रेस्टस्ट्रोकचा ॲडम पीटी असेल तर तुम्ही बॅकस्ट्रोक निवडा आणि त्याला खुर्चीत बसवा. बुद्धिबळ झालं की हे!

आणि जॅकपॉट. पहिला आलेला ठरलेल्या फरकाने पुढे असेल तर मागे पडलेल्यांचे गुणही त्यालाच. सगळे सातही मागे पडले तर ३७ गुण एकट्याच्या खिशात.

स्टॉपवॉच

जॅकपॉट मला अजिबात पटला नाही. धागाकर्ते म्हणतात पाचव्या-सहाव्याला किंमत आली, आणि पुढच्याच हंगामात जॅकपॉट आणून ती काढून घेतली. सहावा आला, आपले तीन गुण कमावले, ते पहिल्याने उचलून नेले. यात सहाव्याचा दोष काय? तर कॉन्डॉर्सचा अमेरिकन केलेब ड्रेसेल त्याच्या शर्यतीत होता.

२०२०चा ड्रेसेल हा प्रकारच वेगळा होता म्हणा. फायनलला १०० मीटर फ्लाय (बटरफ्लाय) ४७.७८, ५० फ्री २०.१६, १०० मेडली ४९.२८, सगळे तेव्हाचे शॉर्ट कोर्सचे (पंचवीस मीटर तलावातले) विश्वविक्रम. कॉन्डॉर्स जिंकणारच होते. एनर्जी दुसरी.

तलावपाळीकर

जॅकपॉटबद्दल सहमत. आमच्या स्पर्धेत तो नसणार, हे आत्ताच जाहीर करतो.

@घोडबंदर_ट्रॅफिक, सवय लागायला वर्षं लागतात हे बरोबर, पण त्याआधी खिसा लागतो. इथे खिसा एकच होता. कॉन्स्टँटिन ग्रिगोरिशिन, युक्रेनचा उद्योगपती. लीग त्याची, आणि एनर्जी स्टँडर्ड हा क्लबही मुळात त्याचाच. एका माणसाने स्पर्धाही काढायची आणि जिंकणारी टीमही पाळायची, हे मला आवडती टीम असूनही खटकायचं. क्रिकेटमध्ये असलं काही झालं की आपण महिनाभर वाद घालतो.

पण न्याय द्यायचा तर तोही द्यायला हवा. २०१८च्या डिसेंबरात तूरिनला त्याने स्पर्धा ठरवली होती, तेव्हा जागतिक संघटना फिनाने (आताची वर्ल्ड ॲक्वाटिक्स) भाग घेणाऱ्यांवर बंदीची तलवार टांगली आणि स्पर्धा रद्द झाली. कातिन्का होस्सू, मायकल अँड्र्यू आणि टॉम शील्ड्स अमेरिकेत कोर्टात गेले. महिन्याभरात फिना नरमली, आणि २०१९ला लगबगीने स्वतःची बक्षिसांची मालिकाही काढली. पोहणारा खेळाडू म्हणून पैसे मागू शकतो, ही गोष्ट त्या वर्षी पहिल्यांदा मोठ्याने बोलली गेली. कोविडच्या काळात महिन्याला १५०० डॉलर देण्याची योजनाही लीगने जाहीर केली होती.

मग २०२२ उजाडलं, युद्ध सुरू झालं आणि हंगाम रद्द. पोहणाऱ्यांची, पुरवठादारांची देणी थकल्याच्या बातम्या त्याआधीपासून येतच होत्या. ज्या क्लबात रशियाचा कोलेस्निकोव आणि युक्रेनचा रोमानचुक एकाच रंगाच्या टोप्या घालून बसायचे, तो क्लब युद्धानंतर टिकणार तरी कसा?

ओहोटी

एकखांबी तंबू. खांब गेला, तंबू गेला. आमच्या सागरी पोहण्याला कुणी अब्जाधीश नाही, म्हणूनच ते चालू आहे. मालवणला चिवला बीचवर दर डिसेंबरला सहा वर्षांच्या पोरापासून आजोबांपर्यंत उतरतात. चहा-भजीचा खर्च ज्याचा तो.

घोडबंदर_ट्रॅफिक

काका, चहा-भजीवर ऑलिंपिकचा पोहणारा तयार होत नाही हो. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेचं बघा. २०१०च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्लायला ब्राँझ. त्याआधी भारताला जलतरणात आशियाई पदक मिळालं होतं ते १९८६ला, सेऊलमध्ये खजान सिंगला. चोवीस वर्षांनी पदक आणणाऱ्या माणसाला पोहण्यावर घर चालवता येत नाही, तो तहसीलदार होतो. चांगली नोकरी आहे, वाईट काहीच नाही, पण पोहण्याने दिलेली नाही ना, सरकारने दिलेली.

आणि २०१८ला जकार्तात ५० फ्रीमध्ये तोच वीरधवल चौथा. तिसऱ्या जपानी पोहणाऱ्याची वेळ २२.४६, याची २२.४७. एक शतांश! नखाएवढं अंतर. पदक नाही, म्हणजे काहीच नाही, दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी.

तलावपाळीकर

@घोडबंदर_ट्रॅफिक, अगदी मनातलं बोललात. हीच शर्यत लीगमध्ये असती तर तिसऱ्याला सहा आणि वीरधवलला पाच. एका शतांशाची किंमत एक गुण. आशियाई स्पर्धेत त्याच शतांशाची किंमत अख्खं पदक. मी पदकांच्या विरोधात नाही, पण चौथ्याला पाच गुण देणारी एक तरी स्पर्धा वर्षात असायला काय हरकत आहे? साजन प्रकाशने २०२१ला रोममध्ये २०० फ्लाय १:५६.३८ पोहून भारतासाठी पहिल्यांदा ऑलिंपिकचा 'ए' कट (थेट पात्रतेची वेळ) गाठला. तिथपर्यंत पोचायला किती वर्षं पाण्यात घालवली असतील, आणि त्यातल्या कितीशा शर्यतींना आपण टाळ्या वाजवल्या?

फुलटॉस

मला पोहता येत नाही, पण धागा भारी झालाय. +१ सगळ्यांना. ठाण्याच्या स्पर्धेचं काय ते लिहा की. बघायला येईन, वडापाव घेऊन.

तलावपाळीकर

लिहितो. तारीख अजून नाही, कारण तलाव मिळणं हाच मोठा प्रश्न. ठाण्यातले आणि वाशीतले काही क्लब तोंडी तयार आहेत. सध्याचा मसुदा असा: पंचवीस मीटरचा तलाव, मुलं-मुली गुण एकत्र, प्रत्येक शर्यतीत क्लबचे दोघे, ९-७-६-५ असेच गुण, रिलेला दुप्पट, शेवटी स्किन्स फक्त अठरावरच्यांना. लहान मुलांना तीन मिनिटांत परत उतरवायचं नाही, यावर सगळे कोच ठाम आहेत.

कोपरखैरणे_लोकल

आठ लेन आहेत कुठे पण? आमच्या तलावात सहाच आहेत.

तलावपाळीकर

मग तीन क्लब. दोन गुणिले तीन, सहा. गुण ७पासून सुरू करू.

स्टॉपवॉच

७ नको, ९च ठेवा, खालचे दोन गाळा. पहिला आणि दुसरा यांच्यात दोनचा फरक हवाच, नाहीतर जिंकायची घाई कुणाला राहणार नाही. आणि सहा लेनला तीन म्हणजे अठरा घड्याळं लागतील. माझ्याकडे माणसं सात-आठ. पालकांतून कोण उभं राहील? शिकवायला अर्धा तास पुरतो. अंगठा नाही, तर्जनीने दाबायचं, आणि शिट्टीच्या आवाजावर नाही, दिवा लुकलुकतो त्याच्यावर.

सेक्टर_नऊ

मी उभी राहते. मुलीला आणि तिच्या मैत्रिणीलाही आणते, दोघींना स्पर्धेत नको आहे, घड्याळ चालेल म्हणाल्या. फक्त रविवार ठेवा, आणि ट्रान्सहार्बरला मेगाब्लॉक नसेल असा रविवार.

ओहोटी

४००च्या वर एक तरी शर्यत ठेवा. ८०० ठेवलीत तर मी लॅप मोजायचे फळे घेऊन टर्नच्या टोकाला बसतो. नाही ठेवलीत तर येणार नाही.

तलावपाळीकर

काका, ८०० ठेवली. सकाळची पहिली शर्यत, साडेसहाला. फळे तुमच्याकडे.

ओहोटी

साडेसहाला पाणी गार असतं. चांगलं आहे.

घोडबंदर_ट्रॅफिक

साडेसहाला पोचायचं म्हणजे मला घरून आदल्या दिवशी निघावं लागेल.